घरात न सांगितलेले कर्ज

१९ मार्च १९८६ रोजी वर्धा जिल्ह्यात, पवनारजवळच्या दत्तपूर आश्रमात एक सहा जणांचे कुटुंब संपले. कुटुंब यवतमाळ जिल्ह्यातले होते. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे, त्यांची पत्नी आणि चार मुले. करपे गावाचे सरपंच राहिलेले होते, भजनात रमणारे होते, पदरी जमीन होती. विजेचे बिल थकले, जोडणी तुटली, उभे पीक वाळले. शेतकरी म्हणून जगणे आता अशक्य झाले आहे, अशा आशयाची चिठ्ठी त्यांनी मागे ठेवली होती.

महाराष्ट्रातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून आज हीच घटना सांगितली जाते. अमर हबीब यांच्या किसानपुत्र आंदोलनाच्या हाकेवरून २०१७ पासून दरवर्षी १९ मार्चला गावोगावची माणसे एक दिवस अन्नत्याग करतात. मात्र त्या चार मुलांना कुणी काही विचारले नव्हते. शेतकऱ्याच्या दुःखाची आठवण काढताना हेही विसरून चालणार नाही. घरच्या कर्त्या माणसाचा ताण त्याच्या एकट्याचा कधीच नसतो, हे त्या दिवशीच दिसले होते.

१९८६ साली मात्र ही वेगळ्या प्रकारची घटना आहे असे कुणाला वाटले नाही. ‘शेतकरी आत्महत्या’ असा रकानाच तेव्हा नव्हता. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने शेतीवर पोट असणाऱ्यांच्या आत्महत्या वेगळ्या मोजायला सुरुवात केली ती १९९५ साली. अमरावती महसूल विभागाची स्वतःची मोजणी २००१ पासूनची. चिलगव्हाण ते विभागाची ही मोजणी यात जवळजवळ दीड दशक गेले. त्यापुढचे दीड दशक कारण कर्ज की मन, या वादात गेले. पुढची हकिगत त्या वादाची आहे.

कापसाचे वर्ष

यवतमाळला कापसाचा जिल्हा म्हणतात ते उगाच नाही. इंग्रजांच्या काळात इथला कापूस बाहेर नेण्यासाठी यवतमाळ ते मूर्तिजापूर अरुंद रुळांची शकुंतला रेल्वे धावू लागली. राज्याला दोन मुख्यमंत्री देणारे पुसदचे नाईक घराणे याच जिल्ह्याचे. १९७२ साली राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना आली आणि व्यापाऱ्याच्या जागी सरकार कापूस घेऊ लागले. चुकारे उशिरा मिळत, प्रतवारीवरून भांडणे होत, तरी पायाखाली एक फळी होती. २००० नंतर ती योजना मोडीत निघाली. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, बियाण्याचा खर्च वाढला, आणि जिल्ह्यातली बहुतेक शेती पूर्वीसारखीच पावसाच्या भरवशावर राहिली.

या शेतीत ताणाचे स्वतःचे पंचांग असते. मार्चअखेर सोसायटीचे आणि बँकेचे कर्ज ‘नवं-जुनं’ करायचे. म्हणजे कुणाकडून तरी चार दिवसांसाठी पैसे उचलायचे, जुने कर्ज भरायचे, नवे उचलायचे, आणि त्यातून त्या चार दिवसांच्या पैशाचे व्याजही द्यायचे. एप्रिल-मे लग्नसराईचा. मृग लागला की बियाण्याच्या थैल्या आणि खत. पेरणी करून पावसाने पंधरा दिवस दडी मारली की दुबार पेरणी. तेव्हा बँक दारात उभे करत नाही, म्हणून सावकार किंवा उधारीवर बियाणे देणारा कृषी केंद्रवाला. मग डवरणी, निंदण, फवारणी. पोळ्याला बैल सजवायचेच. दसऱ्यापुढे बोंडे फुटू लागली की शेतात सीतादहीची पूजा होते आणि वेचणी सुरू होते. बाजारात कापूस सगळ्यांचा एकाच वेळी येतो, भाव त्याच वेळी पडतो, आणि ज्याने उधारी दिली तो काट्यापाशीच उभा असतो.

वर्षभर निर्णय घ्यायचे, जोखीम उचलायची, आणि बियाण्याचा दर, पाऊस, कापसाचा भाव यांपैकी एकही गोष्ट आपल्या हातात नाही. ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांचा अनेक वर्षे अभ्यास करणाऱ्या मायकेल मार्मट यांना आढळले होते की हृदयविकार वरच्या साहेबांपेक्षा खालच्या पायऱ्यांवरच्या नोकरांना अधिक होतो. कामावर आपला ताबा किती, याचा त्यात मोठा वाटा होता. त्या नोकरांना निदान महिन्याचा पगार होता. कोरडवाहू कापूसवाल्याला ताबाही नाही आणि पगारही नाही.

पॅकेजचा काळ

२००४-०५ पासून यवतमाळच्या बातम्या देशभर जाऊ लागल्या. पांढरकवड्याहून किशोर तिवारी यांची विदर्भ जनआंदोलन समिती रोजच्या रोज घटनांची नोंद वर्तमानपत्रांना कळवत होती. पत्रकार पी. साईनाथ गावोगावी फिरून लिहीत होते. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि टाटा समाजविज्ञान संस्थेने २००५ मध्ये न्यायालयासाठी अहवाल केला. डिसेंबर २००५ मध्ये राज्य सरकारने १,०७५ कोटींचे पॅकेज जाहीर केले. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भाच्या दौऱ्यानंतर सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींची घोषणा केली. योगायोगाने तो वसंतराव नाईकांचा जन्मदिवस, म्हणजे राज्याचा कृषी दिन. या रकमेतला सर्वांत मोठा हिस्सा, २,१७७ कोटी, सिंचनासाठी होता. थकीत व्याज माफ करण्यासाठी ७१२ कोटी होते.

त्याच सुमारास याच सहा जिल्ह्यांतल्या १७ लाखांवर शेतकरी कुटुंबांची घरोघर पाहणी झाली. त्यातली चार लाखांवर कुटुंबे अतिशय तीव्र अडचणीत असल्याचे प्रशासनाच्याच आकड्यांनी सांगितले. तीन लाखांवर घरांत मुलीच्या लग्नाचा प्रश्न अडला होता. देशात इतक्या मोठ्या प्रमाणावर शेतकऱ्यांच्या घरातली काळजी मोजण्याचे काम क्वचितच झाले असेल. कोणते घर कोणत्या गावात अडचणीत आहे, हे सरकारला तेव्हा नावानिशी माहीत होते. त्या यादीचा उपयोग घरी जाऊन विचारपूस करण्यासाठी झाला असता तर पुढची दहा वर्षे वेगळी गेली असती. तसे झाले नाही.

विचारपूस व्हायची ती माणूस गेल्यावर. तलाठी, पोलीस, कृषी अधिकारी येत आणि अर्ज भरून घेत. शेत त्याच्या नावावर होते का? कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे की परवाना असलेल्या सावकाराचे? वसुलीचा तगादा होता का? तिन्ही उत्तरे जुळली तर प्रकरण ‘पात्र’ आणि एक लाखाची मदत: ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. एखादे उत्तर चुकले की ‘अपात्र’. ज्याचे कर्ज बिनपरवाना सावकाराचे तो अपात्र, जमीन अजून वडिलांच्या नावावर असलेला मुलगाही बहुधा अपात्र. आयुष्यभर रानात राबलेल्या बाईच्या नावावर जमीन नसते, म्हणून ती गेली तर शेतकरी म्हणून मोजलीच जात नसे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून गावे पिंजून काढली होती, ते का, हे या अर्जावरून समजते.

एका तक्त्यातली तिसरी ओळ

जानेवारी २००६ मध्ये मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचे श्रीजित मिश्रा यांचा अहवाल आला. यवतमाळ, वाशीम आणि वर्धा या जिल्ह्यांतल्या १११ मृत शेतकऱ्यांच्या घरी जाऊन त्यांच्या पथकाने माहिती गोळा केली होती. अहवालात जोखमीच्या कारणांचा एक तक्ता आहे. पहिल्या ओळीत कर्ज: सुमारे ८७ टक्के घरांत. दुसऱ्या ओळीत आर्थिक स्थितीतली घसरण: ७४ टक्के. तिसऱ्या ओळीत, ५५ टक्क्यांसमोर, लिहिले आहे की मृताने आपल्या अडचणी घरच्यांना सांगितल्याच नव्हत्या.

नापिकी त्यानंतर येते, ४० टक्क्यांवर. मुलीच्या किंवा बहिणीच्या लग्नाचा भार ३४ टक्के. व्यसन २८ टक्के. ज्या दारूवर सगळा ठपका ठेवून अनेक पुढारी मोकळे होत, ती इतकी खाली आहे. आकड्यांची बेरीज शंभराच्या कितीतरी पुढे जाते, कारण एकाच घरात तीन-चार कारणे एकत्र नांदत होती. एका कारणाने कुणी जात नाही, हे त्या बेरजेतूनच दिसते.

त्या वेळच्या चर्चेत पहिल्या दोन ओळी गाजल्या. तिसरी ओळ कुणी फारशी वाचली नाही. नवऱ्याने किती उचलले, कुणाकडून उचलले, हे बायकोला तेरवीनंतर कळायचे, वसुलीवाला दारात आल्यावर. आधी सांगितले असते तर कर्ज एका रुपयानेही कमी झाले नसते, हे खरे. पण मनातल्या मनात कुढणाऱ्या माणसाला जे एकट्याला दिसते, ते दोघांनी बसून पाहिले तर तसेच दिसेल असे नाही. न सांगण्यामागे प्रतिष्ठा असते, घरच्यांच्या जिवाला घोर नको ही मायाही असते. गावात ज्याच्या शब्दाला मान, त्याला हात पसरणे अधिक जड जाते.

शरीरात काय होते

ताणाचा शास्त्रीय इतिहास यवतमाळपासून फार दूर, माँट्रियलच्या एका प्रयोगशाळेत सुरू होतो. हान्स सेल्ये या तरुण डॉक्टरने उंदरांना थंडी, इजा, विषारी द्रव्ये अशा वेगवेगळ्या त्रासांत ठेवले. त्रास कुठलाही असो, शरीरातले बदल तेच निघाले: मूत्रपिंडावरच्या ग्रंथी सुजलेल्या, रोगप्रतिकारासाठी लागणारी थायमस ग्रंथी आक्रसलेली, पोटात व्रण. १९३६ साली ‘नेचर’मध्ये त्यांचे छोटेसे टिपण आले. पुढे त्यांनी तीन टप्पे मांडले. आधी शरीर सावध होते, मग तग धरते, आणि त्रास संपलाच नाही तर थकून कोलमडते.

सावध होणे वाईट नाही. शेतात साप दिसला की हृदय जोरात धडधडते, रक्तात साखर वाढते, पाय आपोआप मागे येतात. त्यासाठीच ही व्यवस्था आहे. साप निघून गेला की शरीर शांत होते. कर्जाचा हप्ता मात्र निघून जात नाही. तो रात्री अंथरुणातही सोबत असतो. मग कॉर्टिसोल नावाचे संप्रेरक दिवसेंदिवस चढे राहते, झोप तुटते, रक्तदाब आणि साखर वाढतात, पोट बिघडते, छातीत धडधड होते. गावातल्या दवाखान्यात माणूस येतो तो डोके दुखते, हातापायांत जीव नाही, भूक लागत नाही असे सांगत. मन उदास आहे असे तो म्हणत नाही. त्याला गोळ्या मिळतात आणि तो परत जातो.

ताणाचा आणखी एक परिणाम २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांची आकलनाची चाचणी संशोधकांनी दोनदा घेतली: तोडणीआधी, हात आवळलेला असताना, आणि तोडणीनंतर, पैसा हातात आल्यावर. माणसे तीच, पण पैसा आल्यावरची कामगिरी बरीच चांगली होती. अभावाची चिंता बुद्धीचा मोठा भाग स्वतःच खाऊन टाकते, असा निष्कर्ष आनंदी मणी, सेंधिल मुल्लइनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढला. ‘डोकं चालत नाही’ असे आपला शेतकरी म्हणतो, ते शब्दशः खरे निघाले. बाहेरून चुकीचे वाटणारे निर्णय, जसे महागडे बियाणे घेणे, एक कर्ज फेडायला दुसरे काढणे, कुणालाच न सांगणे, हे मूर्खपणाचे नसतात. थकलेल्या डोक्याचे असतात.

कर्ज की मन?

हे सारे माहीत होत असतानाही विदर्भात मनाचा विषय काढणे अवघड होते, आणि त्याला कारण होते. मानसोपचाराची भाषा पहिल्यांदा सरकारी बाजूने आली ती बहुधा हात झटकण्यासाठी. माणूस दारुडा होता, नैराश्याचा रुग्ण होता, घरात भांडणे होती, असे म्हटले की भाव, आयात, बँक, सिंचन यांवर उत्तर द्यावे लागत नाही. म्हणून कार्यकर्ते समुपदेशनाच्या नावाने चिडत. पोट रिकामे असताना प्रवचन कसले देता, हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

पण या रागात एक तोटा झाला. ज्यांच्या शब्दावर शेतकऱ्याचा विश्वास होता, त्यांच्याच तोंडी मनाचा विषय बराच काळ आला नाही. ज्यांच्या तोंडी आला त्यांच्यावर विश्वास नव्हता. दरम्यान २००८ ची केंद्राची कर्जमाफी आली, तिची पाच एकरांची अट विदर्भाच्या कोरडवाहू, तुलनेने मोठ्या जमिनींना जाचक ठरली, राज्याला पूरक योजना आणावी लागली. २०१७ मध्ये दीड लाखापर्यंतची, २०१९ मध्ये दोन लाखांपर्यंतची माफी आली. प्रत्येक वेळी काही घरांचा भार उतरला. आत्महत्या मात्र थांबल्या नाहीत, कारण पुढच्या मृगात पंचांग पुन्हा पहिल्या पानापासून सुरू झाले.

आशाताईंचे नऊ प्रश्न

वळण आले ते २०१५ साली. यवतमाळ आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत सरकारने बळीराजा चेतना अभियान सुरू केले. अडलेल्या घराकडे गावानेच लक्ष द्यावे म्हणून गावपातळीवर समित्या झाल्या, तातडीच्या गरजेसाठी निधी मिळाला, कीर्तने आणि पथनाट्ये झाली. त्याच वर्षी विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी आरोग्य खात्याचा प्रेरणा प्रकल्प आला. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक, परिचारिका असे पथक, १०४ क्रमांकावर फोनवरून सल्ला, आणि गावात आशा कार्यकर्त्या.

यातला शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा. बाळंतपणे आणि लसीकरण सांभाळणारी आशाताई एक प्रश्नावली घेऊन घरात बसते. पीएचक्यू-९ या नावाने ती जगभर वापरली जाते. प्रश्न नऊ. गेल्या दोन आठवड्यांत कामात मन लागले का? उदास, निराश वाटले का? झोप कमी झाली, की फार वाढली? थकवा? जेवण? आपण घरच्यांना कमी पडलो असे वाटते का? लक्ष लागते का? हालचाल मंदावली किंवा अस्वस्थता वाढली का? आणि शेवटचा, सर्वांत अवघड प्रश्न, जगणे नकोसे वाटण्याचा. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. बेरीज दहा किंवा त्याहून अधिक झाली की पुढे पाठवायचे.

कागदावर हे पाच मिनिटांचे काम. ओसरीवर, सासू शेजारी तूर निवडत बसलेली असताना, घरधन्याला हे विचारणे पाच मिनिटांचे नसते. चहा होतो, पऱ्हाटीवर अळी पडली का याची चौकशी होते, मग हळूच झोपेचा विषय निघतो. झोपेबद्दल पुरुष बोलतात. तिथून पुढचे प्रश्न सुटतात. या कामाची खुबी इथेच आहे: विचारणारी गावातलीच आहे, तिच्याही घरी कापूस आहे, आणि तिने विचारले म्हणून कुणी वेडा ठरत नाही. तिला या कामाचे मिळणारे मानधन तुटपुंजे, मागे डॉक्टर कमी, जिल्हा रुग्णालयाची वाट लांब. हे दोष मोठे आहेत. तरी इथे सरकार माणूस जिवंत असतानाच दारात येऊन त्याच्या मनाचे विचारत होते.

असे विचारल्याने खरोखर काही होते का, याचे उत्तर शेजारच्या अमरावती जिल्ह्यातून मिळाले. ‘संगाथ’ या गोव्यातून उभ्या राहिलेल्या संस्थेने तिथल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प चालवला. गावातल्याच माणसांना प्रशिक्षण, घरोघर आणि चावडीवर बोलणी, साधे समुपदेशन, गरज पडली तर डॉक्टर. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त निष्कर्ष आले. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. वर्षभरात आत्महत्येचे विचार मनात आल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. त्या काळात कापसाला सोन्याचा भाव मिळाला नव्हता.

२०१७ ने यवतमाळला दुसरीही आठवण दिली. त्या पावसाळ्यात फवारणी करताना शेकडो शेतकऱ्यांना आणि मजुरांना विषबाधा झाली, जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली, आणि त्याच हंगामात बोंडअळीने कापूस खाल्ला. वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या खाटा अशा रुग्णांनी भरल्या. ज्या घराने हे दोन्ही भोगले, तिथे निव्वळ नऊ प्रश्न पुरणार नव्हते. अळीवर उत्तर हवे होते, फवारणीत सुरक्षा हवी होती, विमा हवा होता. मनाच्या कामाची मर्यादा तिथे उघड झाली.

मागे उरलेल्या

गेलेल्या माणसाची नोंद होते. त्याच्या मागे त्याचे कर्ज, त्याचे शेत आणि त्याची मुले जिच्या अंगावर पडतात, तिची नोंद फार उशिरा झाली. ११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. उद्घाटनासाठी लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतल्यावरून वाद पेटला होता. अखेर उद्घाटक म्हणून व्यासपीठावर आल्या त्या कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे. अंगणवाडीत मदतनीस, शिवणकाम आणि शेतमजुरी करून दोन मुले वाढवणाऱ्या. त्यांच्या शेतकरी नवऱ्याने काही वर्षांपूर्वी जीवन संपवले होते.

त्या ‘तेरवं’ या नाटकात काम करत होत्या. श्याम पेठकर यांनी लिहिलेले आणि हरीश इथापे यांनी बसवलेले हे नाटक. रंगमंचावर उभ्या असणाऱ्या बायका शेतकऱ्यांच्या विधवाच होत्या. स्वतःचे घडलेले, लोकांसमोर, स्वतःच्या तोंडाने. मानसशास्त्रात रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ साली ताणाला तोंड देण्याच्या दोन वाटा सांगितल्या. एक, अडचणीलाच भिडणे. दुसरी, अडचण हलत नसेल तर तिच्यामुळे मनात उठणारे वादळ सांभाळणे. या बायकांनी दोन्ही एकदम केल्या. सातबाऱ्यावर नाव लावायला तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या, आणि रडणे कोंडून न ठेवता ते नाटकात आणले.

वऱ्हाडाला ही दुसरी वाट नवी नाही. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या म्हटल्या जातात, आणि त्यांत सावकार, पुढारी, भाव, पाऊस कुणाचीच गय केली जात नाही. अख्खे गाव हसते. सुखाचा अभ्यास करणारे आज सांगतात की माणसाच्या समाधानात त्याच्या नात्यांचा आणि सोबतीचा वाटा मोठा असतो. पोळ्याच्या गर्दीत उभ्या असलेल्या शेतकऱ्याला त्या दिवशी तरी कळते की खड्ड्यात तो एकटा नाही. अडचण उरलेल्या ३६४ दिवसांची आहे.

कायद्याने काय मान्य केले

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने एक मोठी गोष्ट केली. त्याचे ११५ वे कलम म्हणते की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस, उलट सिद्ध झाले नाही तर, तीव्र ताणाखाली होता असेच धरावे. त्याला शिक्षा करू नये. त्याला उपचार आणि आधार देणे हे सरकारचे कर्तव्य ठरले. मे २०१८ पासून हा कायदा लागू आहे. ज्याला आपण दीडशे वर्षे गुन्हेगार म्हणत होतो त्याला कायद्याने थकलेला माणूस म्हटले. चिलगव्हाणनंतर तीस-बत्तीस वर्षांनी.

या सगळ्या हकिगतीनंतर ‘कर्ज की मन’ हा प्रश्नच चुकीचा होता, असे म्हणावे लागते. मिश्रांच्या तक्त्यात दोन्ही एकाच घरात सापडतात, तमिळनाडूच्या चाचणीत दोन्ही एकाच डोक्यात. समुपदेशनाने कापसाचा भाव वाढत नाही, सिंचन होत नाही, विमा मिळत नाही. हे सरकारचे देणे आहे आणि ते कुठल्याही हेल्पलाइनने फिटणार नाही. तसेच भाव वाढला म्हणून आज रात्री जागा असलेल्या माणसाशी कुणी बोलले असे होत नाही. एकाचे कारण सांगून दुसरे टाळणाऱ्यांनी यवतमाळची तीस वर्षे घालवली.

भाव ठरवणे वाचकाच्या हातात नाही. विचारणे मात्र आहे. नेहमी पारावर येणारा माणूस येईनासा झाला, जेवण सुटले, झोप नाही म्हणतो, सारखा निरवानिरवीचे बोलतो, तर ‘होईल ठीक’ म्हणून निघून जाऊ नका. जवळ बसा, सरळ विचारा, ऐकून घ्या आणि एकटे सोडू नका. विचारल्याने तसला विचार मनात रुजतो ही भीती खोटी आहे. विचारल्याने माणूस बोलता होतो. आणि तो माणूस तुम्ही स्वतः असाल, तर कर्जाचा खरा आकडा आज घरात एकाला तरी सांगा. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतून चालतो. आशाताईंचा क्रमांक तर गावात सगळ्यांकडेच असतो.